योगीराजचा चातुर्मास

यशवंतपूर, बेंगळुरू
१९ जुलै २०२५

अक्कांना मैत्रेयीचा नमस्कार,

पत्र बघून दचकू नका, इथे सगळे धडधाकट आहोत. फोनच केला असता, पण तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि आमच्या बिल्डिंगच्या भिंती पापडासारख्या. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तुमच्या सूनबाईंनी, म्हणजे प्रणितानं, ते जेवताना सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं असतं. म्हणून शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच पोस्टाचं पाकीट विकत घेतलं.

तुमच्या धाकट्या भावानं आषाढी एकादशीपासून चातुर्मास धरलाय. तुम्हाला सांगितलं का त्यानं? एकवेळ जेवण, कांदा-लसूण बंद, अंगाला तेल नाही, गादीवर झोपायचं नाही. हॉलमध्ये चटई टाकून झोपतो. मी महादेवपुऱ्याच्या ऑफिसातून अख्ख्या शहराचं ट्रॅफिक झेलून घरी येते, तर हे पोथी उघडून बसलेले. लग्नाला सात वर्षं झाली, या माणसाला देवापुढे उदबत्ती लाव म्हणून दोनदा सांगावं लागायचं.

आधी मला गंमत वाटली. म्हटलं, नाव योगीराज, उशिरा का होईना नावाला जागला. आता गंमत वाटत नाही. माझ्याशी बोलतो, भाजी आणतो, माझा डबा भरून देतो, पण शेजारी बसत नाही. मी सोफ्यावर टेकले की हा पाणी प्यायला उठतो. इतकं पाणी माणूस पितो का?

स्पष्टच विचारते. तुमचे आप्पाजी काका गाणगापूरला जाऊन बसले ते परत आलेच नाहीत, असं मी लग्नात ऐकलं होतं. हे रक्तात असतं का? यंदा आम्ही मुलाचा विचार करत होतो. एप्रिलमध्ये सगळं ठरलं होतं, मे महिन्यापासून तो विषयच निघाला नाही. बाकी काय लिहू, तुम्ही मोठ्या आहात, समजून घ्या.

तुमची
मैत्रेयी


निपाणी
२८ जुलै

चि. मैत्रेयी, पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र भिंगाखाली धरून दोनदा वाचलं आणि डोळे भरून आले. अगं, रडतेस काय? आमच्या घरात आईनंतर कुणी चातुर्मास केला नाही. आई गेली तेव्हा योगी सहा वर्षांचा, मी लग्न होऊन इथे निपाणीत दिलेली. म्हणून त्याला पदराला बांधून सासरी आणला, खाऊपिऊ घातलं, न्हाऊ घातलं. त्या पोराला आईचं व्रत आठवावं, यापेक्षा मला आणखी काय हवं?

आप्पाजी काकाची धास्ती घेऊ नको. तो गेला तो देवापायी नव्हे, बायकोच्या तोंडापायी. तुझं तोंड त्या मानानं बरं आहे.

तुम्हा पुण्याच्या मुलींना सगळं हातोहात लागतं. चार महिने म्हणजे काय गं? बोलता बोलता जातील, स्वल्प धीर धर. नवरा दारू पिऊन येत नाही, पोथी वाचतो, याची तक्रार निपाणीत कुणाला सांगितलीस तर लोक तुलाच हसतील.

आमचे शेजारी जयसिंगराव गूळ घेऊन यशवंतपूरच्या मार्केटात येतात. त्यांच्याबरोबर आईची जपमाळ आणि राजगिऱ्याचे लाडू पाठवलेत. आणि उद्यापन इथे माझ्या घरी, कार्तिकीच्या दुसऱ्या दिवशी. पाच मेहुणं जेवायला सांगून ठेवलीत. तुम्ही दोघं जोडीनं पूजेला बसायचं. मी गल्लीत सगळ्यांना सांगूनही टाकलंय.

तुझी
अक्का


यशवंतपूर
९ ऑगस्ट

अक्का, नमस्कार.

लाडू आणि माळ पोचली. जयसिंगराव म्हणाले, गल्लीत तू मला साधुपुरुष करून ठेवलं आहेस. अक्का, कृपा करून ते उद्यापन रद्द कर. मी साधं, आपलं मनाला शिस्त म्हणून धरलंय. मेहुणं वगैरे नको. मैत्रेयीला सुट्टी मिळणार नाही, आणि मलाही कारखान्यात ऑडिट आहे.

दुसरी एक गोष्ट, सहज आठवली म्हणून. माझ्याबरोबर कारखान्यात बिंदुमाधव म्हणून एक आहे, धारवाडचा. त्याच्या अंगावर पांढरे डाग उठलेत. कपड्याच्या आत, बाहेर काही दिसत नाही. बायकोला सांगावं की नको, असा बिचाऱ्याला प्रश्न पडलाय. तू चार घरं बघितलेली बाई, तुला काय वाटतं? आणि आपल्या घराण्यात असं कधी कुणाला होतं का?

उत्तर कारखान्याच्या पत्त्यावर पाठव, पाकिटामागे लिहिलाय. घरी पत्र आलं की मैत्रेयी उगाच काळजी करत बसते.

तुझा
योगी


निपाणी
१८ ऑगस्ट

चि. योगी, आशीर्वाद.

उद्यापन रद्द होणार नाही. ऑडिटवाल्यांनाही जेवायला घेऊन ये.

तुझ्या मित्राचं वाचून वाईट वाटलं. कोड म्हणजे वाईटच रे, वैऱ्यालाही होऊ नये. आपल्या घराण्यात कुणालाही नाही, देवाची कृपा. माझ्या सासरकडची अनुसूया तुला आठवते? तिच्या मनगटावर रुपयाएवढा पांढरा डाग होता. साखरपुडा झालेला, मांडवाचे बांबू आलेले, आणि मुलाच्या आत्यानं बांगड्या भरताना तो डाग बघितला. बांबू परत गेले.

म्हणून तुझ्या मित्राला सांग, कपड्याच्या आत आहे ना, मग आतच राहू दे. बायकोला तर मुळीच कळू देऊ नकोस म्हणावं. बाईमाणूस एकदा शिसारी धरून माहेरी गेली की परत येत नाही. आणि तू त्याच्या डब्यातलं खातोस का? खात असशील तर बंद कर. दुधावर मासे खाल्ले असतील त्यानं, धारवाडचे लोक काहीही खातात.

तुझी तब्येत जप. माळ रोज ओढ.

अक्का


यशवंतपूर
४ ऑक्टोबर

अक्कांना नमस्कार,

गणपती गेले, दसरा गेला, मी मुद्दामच लिहिलं नाही. तुम्ही म्हणालात धीर धर, तो धरला. तुमच्या मागच्या पत्राचा मला थोडा रागही आला होता, हे कबूल करते.

आता ऐका. दर शनिवारी हा मल्लेश्वरमला एका मठात प्रवचनाला जातो असं सांगायचा. मागच्या शनिवारी मला वाटलं, आपणही जावं, निदान शेजारी बसून ऐकावं. फुलं घेऊन गेले. मठातले आजोबा म्हणाले, "प्रवचना? शनिवारा इल्ला अम्मा, गुरुवारा." शनिवारी तिथे काहीच नसतं. मी परत आले. संध्याकाळी हा आला आणि मला प्रवचन कशावर होतं ते सांगितलं. मनाच्या निग्रहावर. मी सगळं ऐकून घेतलं आणि त्याला ताक दिलं.

अक्का, माझ्या मनात काय आलं असेल ते तुम्हाला कळेल. नवरा बायकोजवळ येत नाही, शनिवारी कुठेतरी जातो आणि खोटं बोलतो. याचा अर्थ लावायला पुण्याहून यावं लागत नाही. मी मोठ्यानं भांडले असते, पण तो इतका वाळलाय, इतका गप्प आहे, की मला त्याच्यावर ओरडवत नाही. लाज सोडून लिहिते: मला माझा नवरा परत हवाय. झोपेत माझ्या अंगावर पाय टाकायचा आणि मी ढकलून द्यायची, तो पायसुद्धा हवाय.

पण भीक मागायची माझी तयारी नाही. पुण्याच्या ऑफिसात एक जागा निघाली आहे. मॅनेजरला मी होय म्हटलंय, दिवाळीनंतर जायचं. त्याला अजून सांगितलेलं नाही. पाडवा झाला की सांगेन. खरं तर पाडवाही उरला नाही. दर पाडव्याला मी त्याला तेल-उटणं लावते, हा लहान मुलासारखा पाटावर बसतो. यंदा आत्ताच सांगून मोकळा झाला, "व्रतात तेल वर्ज्य, पाडव्यालाही नाही."

तुम्हाला आधी सांगितलं, कारण उद्या तुम्हाला कुणी म्हणायला नको की पुण्याची सून न सांगता निघून गेली.

मैत्रेयी


निपाणी
८ ऑक्टोबर

योगी,

आज आशीर्वाद राहू दे, आधी हजेरी घेते. हे पत्र कारखान्याच्याच पत्त्यावर पाठवते आहे, काळजी नको.

आईनं जन्मभर चातुर्मास केले. चटईवर झोपली, एकवेळ जेवली, पण दिवाळीचं तेल एकदाही चुकवलं नाही. दिवाळीला जो तेल लावत नाही तो नरकात जातो म्हणायची. मला वाटतं, देवापेक्षा नरकाचीच तिला जास्त काळजी होती. तू पाडव्याचं तेल नाकारलंस असं मला कळलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे व्रत नाही. ज्याला कुणासमोर कपडे उतरवायचे नसतात तो तेल नाकारतो.

मग मला तुझा तो बिंदुमाधव आठवला. डाग त्याला, आणि घराणं विचारायचं आपलं? मी म्हातारी झाले, कानानं अधू झाले, पण अक्कल अजून शाबूत आहे रे.

नऊ वर्षांचा होईपर्यंत मी तुला न्हाऊ घातलंय. तुझ्या अंगावर काय कुठे आहे ते मला तुझ्या आधीपासून ठाऊक आहे. माझ्यापासून काय लपवतोस? खरं काय ते लिही. नाहीतर मी जयसिंगरावांच्या गुळाच्या गाडीत बसून येते, आणि मग जे बोलायचं ते ओरडून बोलावं लागेल.

अक्का


निपाणी
८ ऑक्टोबर

चि. मैत्रेयी, आशीर्वाद.

तुझ्या रागाचं मला वाईट वाटलं नाही, राग बरोबर होता. मी तुला शहाणपण शिकवत बसले आणि तू तिथे एकटी जळत होतीस.

जास्त लिहीत नाही. दुसरी बाई नाही, एवढी हमी मी माझ्या जिवावर देते. पुढचं मला विचारू नकोस. पाडव्यापर्यंत थांब, आणि तेल गरम कर. व्रतात वर्ज्य आहे म्हणाला तर सांग, निपाणीच्या शंकराचार्यांनी परवानगी दिलीय.

अक्का


यशवंतपूर
१२ ऑक्टोबर

अक्का,

दोन कागद फाडले, हा तिसरा. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लिहितोय.

तुझं खरं आहे. डाग मलाच आहेत. मे महिन्यात आंघोळीच्या वेळी दिसले. जागा अशी आहे की लिहिताना पेन अडतंय. लंगोटाच्या आत म्हण, आणि पुढचं तू समजून घे. आधी एक होता, वाटाण्याएवढा. पावसाळा लागेपर्यंत पसरले.

मी घाबरलो कशानं ते सांगतो. डागाला नाही घाबरलो. हेच हातावर असतं तर मी तिला त्याच दिवशी दाखवलं असतं. पण या जागी काही झालं की लोक एकच समजतात, माणूस बाहेर कुठेतरी शेण खाऊन आला. मी स्वतःच आधी तसं काहीतरी असेल म्हणून गुप्तरोगाच्या एका पाटीवाल्याकडे गेलो. मी कुठेही गेलेलो नाही, तरी मलाच शंका आली, मग तिला येणार नाही? त्यानं काळी पूड दिली. आग आग झाली, आठवडाभर मी खुर्चीत नीट बसू शकलो नाही.

मग मल्लेश्वरममध्ये चामडीच्या डॉक्टरकडे गेलो. रम्या नाव, तिशीतली बाई. मी दारातूनच परत फिरत होतो. तिनं तपासलं आणि म्हणाली, "एनू इल्ला सार, योच्ने माडबेडी." काही नाही, चिंता करू नका. म्हणे शरीर चुकून आपल्याच रंगावर उठतं. कुणाचं लागत नाही, कुणाला लागत नाही, बायकोला नाही, मुलांना होईलच असंही नाही. मलम दिलं, शनिवारी दाखवायला बोलावलं. गुण यायचा तर तीन-चार महिने लागतील म्हणाली.

चार महिने. मी बाहेर पडलो तर शेजारच्या देवळात आषाढीची तयारी चालली होती. तिथेच डोक्यात आलं. चार महिने मैत्रेयीनं काही विचारायचं नाही, असं जगात दुसरं कुठलं निमित्त आहे? वाटलं होतं, कार्तिकीपर्यंत डाग जातील आणि तिला कधी कळणारच नाही.

ते गेले नाहीत अक्का. डॉक्टर म्हणते कडेनं रंगाचे ठिपके यायला लागलेत, चांगलं लक्षण आहे, पण वेळ लागेल, आणि सगळे जातील असा शब्द ती देत नाही.

मध्यंतरी, ऑगस्टमध्ये, मी तिला सांगायचं ठरवलं होतं. त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं. बाई शिसारी धरून माहेरी जाते, असं तू लिहिलं होतंस. मी परत चटईवर गेलो.

योगी


निपाणी
१६ ऑक्टोबर

माझ्या बाळा,

तुझं पत्र वाचून मी देवघरात जाऊन बसले. ते ऑगस्टचं पत्र माझं. मी ज्याला बोट धरून शाळेत नेलं त्यालाच म्हटलं, त्याच्या डब्यातलं खाऊ नको. मला क्षमा कर रे. मित्राच्या नावानं का होईना, तू दार वाजवलं होतंस आणि मी आतून कडी घातली. तो कागद आत्ताच्या आत्ता फाडून टाक.

काल मी आमच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांना म्हटलं, माझ्या भावाच्या एका मित्राला असं असं झालंय. त्यांनी सगळं समजावून सांगितलं, तुझ्या रम्याबाई म्हणतात तसंच, दुधा-माशाचाही काही संबंध नाही म्हणाले. मूल व्हायलाही काही अडत नाही. उठताना म्हणाले, "मावशी, भावालाच असेल तरी औषध हेच." मी पदर तोंडाला लावून हसत बाहेर आले, आणि रिक्षात बसल्यावर रडले.

अनुसूयेचं मी तुला अर्धंच सांगितलं होतं. बांबू परत गेले ते खरं. पण पुढे तिनं अथणीच्या एका मास्तराला पहिल्या भेटीतच मनगट पुढे करून दाखवलं. त्यानं म्हणे चष्मा पुसला, बघितलं आणि विचारलं, "स्वयंपाक येतो का?" आता नातवंडं खेळवते आहे. त्या दिवशी मला तिचं मोडलेलंच लग्न आठवलं, झालेलं आठवलं नाही. माणसाची जीभ वाईटाकडेच आधी धावते.

आता मी सांगते ते ऐक. पाडव्याला पाटावर बस आणि आपल्या तोंडानं सांग. मी तिला काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तिनं मला काय लिहिलंय तेही तुला सांगणार नाही. पण योगी, हा पाडवा हुकला तर पुढचं माझ्या हातात नाही. एवढ्यावरून समज.

व्रताची काळजी करू नकोस. तू ते खोट्यासाठी धरलंस, पण देवासमोर धरलंस. अर्धवट सोडलंस तर तुला जन्मभर रुखरुख लागेल, मी तुला ओळखते. म्हणून कार्तिकीपर्यंतचं उरलेलं मी पुरं करते. शास्त्र काय म्हणतं मला ठाऊक नाही, पण तुझं सहाव्या वर्षापासूनचं सगळं मी केलं, मग हे का नको? कालपासून एकवेळ जेवायला लागले. प्रणिता ओरडते, अत्ती, चक्कर येईल. तिला म्हटलं, ताट एकच आहे, पण भात दुप्पट वाढ.

तू मोकळा आहेस. गादीवर झोप.

अक्का


यशवंतपूर
२५ ऑक्टोबर

अक्का,

बातमी आधी देते, म्हणजे तुम्ही शेवटापर्यंत जीव मुठीत धरून वाचणार नाही. मी पुण्याला जात नाही. आणि आज दोघं मिळून मल्लेश्वरमला डॉक्टर रम्यांकडे जाऊन आलो. त्यांनी आधी मला खुर्ची दिली, मग ह्याला म्हणाल्या, "इष्टु दिना यल्ली बच्चिट्टिद्री सार?" इतके दिवस बायकोला कुठे लपवून ठेवलं होतं म्हणून.

पाडव्याची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, कारण ती घडवलीत तुम्ही. सकाळी मी उठले तर पाट मांडलेला, भोवती वेडीवाकडी रांगोळी, आणि हा पंचा गुंडाळून बसलेला, तोंड उतरलेलं. मी तेलाची वाटी घेऊन आले. म्हणाला, "तेल लावायच्या आधी एक सांगायचंय. आमच्या कारखान्यात बिंदुमाधव म्हणून एक आहे..." मी ऐकत राहिले. तो बिंदुमाधव वाक्याच्या मध्येच कुठेतरी नाहीसा झाला, आणि ह्यानं खाली बघत सगळं सांगितलं. मे महिन्यापासूनचं, पाटीवाल्याची पूड, मलम, शनिवार, चार महिने.

मी विचारलं, "हेच? की आणखी काही?"

"हेच."

"दुसरी कुणी नाही?"

त्याला प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्याचा चेहरा इतका बावळट झाला अक्का, की माझा तिथल्या तिथे विश्वास बसला. तो पाच महिने भीत होता की मला शंका येईल, आणि ती शंका त्याच्या लपवण्यानंच आली, हे त्याच्या तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं.

मला वाटलं होतं मला बरं वाटेल. तर मला इतका राग आला की वाटी तिथेच ठेवून मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून रडले. त्याला पाटावर तसंच कुडकुडत बसवलं. म्हटलं, बसू दे. पाच महिने माझ्या मनात काय काय येऊन गेलं! मी आरशात स्वतःला बघून विचार केला होता, माझ्यात काय कमी झालं. तो राग अजून पूर्ण गेलेला नाही, आणि मी तसं त्याला सांगितलंय. मधेच कुकरचं झाकण लावताना आठवतं आणि मी झाकण आपटते. तो लगेच विचारतो, "मी का?" मी म्हणते, "हो, तूच."

परत आत आले, त्याच्या हातांना तेल लावायला घेतलं आणि मीही माझं सांगितलं. पुण्याची जागा, मॅनेजर, दिवाळीनंतरची तारीख. मग रडायची पाळी त्याची होती. तेलाचे हात, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. मी पदरानं पुसले.

तेल लावून झालं. नेहमीसारखं पाठीला, हातांना, पायांना. मग मी म्हटलं, "दाखव." त्याचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला. मी म्हटलं, दिवा राहू दे. तो म्हणाला, "नको बघूस मैत्रेयी, वाईट दिसतं."

तेव्हा मला सुचलं ते मी बोलले, आणि तुम्हालाही जसंच्या तसं सांगते. म्हटलं, "कुणाला वाईट दिसतं? जगात ही जागा बघायचा हक्क एकट्या मला आहे. तू माझ्या वतीनं पाच महिने किळस करत बसलास. मला विचारलंस का? आवडतं की नाही ते मी ठरवीन."

त्यानं हात खाली घेतला.

मी बघितलं. सावकाश बघितलं, घाई कसलीच नव्हती. मग त्याला म्हटलं, "ठरवलं." काय ठरवलं ते त्यानं विचारलं नाही. भाऊबीजेला आम्ही निपाणीला का पोचलो नाही, ते आता तुम्हीही विचारू नका.

मैत्रेयी